सिनेटच्या मंजुरीत नाव अडकलं की: उमेदवाराची बाजू कशी आणि कोणत्या क्रमाने मांडायची

ओळखीतल्या कुणाचं नाव अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी एखाद्या सरकारी पदासाठी सिनेटकडे, म्हणजे संसदेच्या वरिष्ठ सभागृहाकडे, मंजुरीला पाठवलं की पहिल्या दिवशी व्हॉट्सअॅपवर पेढे फिरतात. काही आठवड्यांनी एखादा सिनेटर त्या माणसाचं जुनं भाषण उकरून काढतो आणि त्याच ग्रुपवर ‘आपण काहीतरी केलंच पाहिजे’ सुरू होतं. एक जण ऑनलाइन याचिका काढतो, दुसरा टीकाकाराला ट्विटरवर झोडपतो, तिसरा पत्रकाराला फोन करून ‘तो तसा नाहीच हो’ म्हणून सांगतो. हेतू चांगला असतो, पण यातल्या बहुतेक गोष्टी उमेदवाराच्या अंगावर येतात.

अमेरिकेत साधारण १,३०० पदांना सिनेटची संमती लागते. मंत्रिपदाच्या उमेदवाराला व्हाइट हाउस पूर्ण फौज देतं आणि सिनेटच्या दारोदारी नेणारा ‘शेर्पा’ही देतं. सहायक सचिव, आयोगाचा सदस्य, जिल्हा न्यायाधीश अशा पदांसाठी मात्र खात्यातले एक-दोन अधिकारी, स्वतःचा वकील आणि मित्रमंडळी एवढ्यावरच भागवावं लागतं. हा लेख त्या मित्रमंडळींसाठी आहे. उमेदवाराने वाचला तरी हरकत नाही.

१. आधी मतं मोजा

बहुतेकांची पहिली चूक म्हणजे ही लोकमताची लढाई आहे असं समजणं. खालची न्यायालयं आणि प्रशासकीय पदं यांच्यासाठी २०१३ पासून, तर सर्वोच्च न्यायालयासाठी २०१७ पासून चर्चा थांबवून मतदान घ्यायला साधं बहुमत पुरतं. म्हणजे प्रश्न तीन-चार सिनेटरांचा असतो, कधी एकाचाच. २०२१ मध्ये नीरा टंडन यांचं नाव अर्थसंकल्प कार्यालयाच्या प्रमुखपदासाठी होतं. सिनेट ५०-५० होतं. जो मँचिन या एका डेमोक्रॅट सिनेटरने ‘मी विरोधात’ म्हटल्यावर गणित कोसळलं आणि २ मार्चला नाव मागे घेतलं गेलं. ट्विटरवर त्यांच्या बाजूने हजारो माणसं बोलत होती. मँचिन यांच्या राज्यातलं त्यात कोण होतं, हा खरा प्रश्न होता.

नाव सिनेटच्या ज्या समितीकडे जाणार तिच्या सदस्यांची यादी काढा. प्रत्येकापुढे तीन गोष्टी लिहा: त्याचं आत्ताचं मत काय, त्याला नेमकं काय खुपतंय आणि त्याच्या राज्यातल्या कुणाचं तो ऐकतो. तिसरा रकाना भरायला सगळ्यात जास्त वेळ लागतो आणि पुढची सगळी पत्रं त्याच रकान्यातून निघतात.

तपासा: यादीतल्या किमान चार नावांपुढे तिसरा रकाना भरला नसेल, तर याचिका, लेख, मुलाखत यातलं काहीही सुरू करू नका.

२. खरं काय ते वकिलासमोर बाहेर काढा

बचाव करणाऱ्याला वस्तुस्थिती माहीत नसेल तर तो साप म्हणून भुई धोपटत बसतो. वाईट प्रकार असा की ठामपणे ‘असं घडलंच नाही’ म्हणतो आणि दोन दिवसांनी कागद बाहेर येतो. म्हणून कुणीही तोंड उघडण्याआधी उमेदवाराने आपल्या वकिलासमोर बसून सगळं सांगायचं. वकिलाला सांगितलेलं गोपनीय राहतं. मित्राला जेवणाच्या टेबलावर सांगितलेलं गोपनीय नसतं आणि त्या मित्राला उद्या प्रश्न विचारले जाऊ शकतात. कुतूहल आवरा.

बघायचे विषय ठरलेले आहेत: कर, घरकामाला ठेवलेली माणसं, त्यांचे कायदेशीर कागद, संचालक मंडळं, सल्लागार म्हणून घेतलेले पैसे, जुने दावे. १९९३ मध्ये झोई बेअर्ड यांचं ॲटर्नी जनरलपद घरकामाला ठेवलेल्या माणसांपायी गेलं. त्यांच्याकडे कामाचा परवाना नव्हता आणि त्यांचे सामाजिक सुरक्षेचे करही वेळेवर भरलेले नव्हते. २००९ मध्ये आरोग्यमंत्रिपदाचे उमेदवार टॉम डॅशल यांनी थकीत कर आणि व्याज मिळून सुमारे १ लाख ४० हजार डॉलर नाव मागे घेण्याआधीच भरले होते, तरी त्यांना माघार घ्यावी लागली. त्याच महिन्यांत अर्थमंत्रिपदाचे उमेदवार टिमोथी गाइटनर यांचाही सुमारे ३४ हजारांचा कर थकलेला निघाला, पण ते ६० विरुद्ध ३४ मतांनी पार झाले. रकमेत फरक होताच. माझ्या मते मोठा फरक चित्राचा होता. डॅशल यांच्या प्रकरणात मित्राने दिलेली गाडी आणि ड्रायव्हर होता. डोळ्यांपुढे उभं राहणारं प्रकरण आकड्यांच्या प्रकरणापेक्षा जास्त भोवतं. यादी करताना हे लक्षात ठेवा.

अमेरिकेतल्या आपल्या मराठी लोकांसाठी आणखी एक खास कोपरा आहे. सुरक्षा तपासणीचा अर्ज, म्हणजे एसएफ-८६, परदेशातली मालमत्ता, खाती, नातेवाईक आणि संपर्क विचारतो. पुण्यातला फ्लॅट आठवतो, पण गावची जमीन आठवत नाही. वडील गेल्यावर तलाठ्याकडे वारस नोंद झालेली असते, सातबाऱ्यावर पाच भावंडांबरोबर आपलंही नाव चढलेलं असतं आणि चुलतभावाशिवाय कुणाच्या ते ध्यानीमनी नसतं. बंद न केलेलं एनआरओ (अनिवासी भारतीयांचं) खातं, आईबरोबरचं जॉइंट लॉकर, जुनी एलआयसी पॉलिसी, पीपीएफ ही मंडळीही अशीच मागे राहतात. वर्षात कधीही परदेशी खात्यांची एकत्रित शिल्लक १० हजार डॉलरच्या वर गेली असेल, तर एफबार, म्हणजे परदेशी खात्यांची माहिती देणारा फॉर्म, भरायचा असतो. आर्थिक माहितीच्या जाहीर फॉर्मवर, म्हणजे ओजीई २७८ई वर, गुंतवणुकीची एक हजार डॉलरवरची मालमत्ताही येते. गावी फोन करा आणि ताजा सातबारा मागवा. यातलं काहीच लाजिरवाणं नाही, पण अर्जात नसलेली जमीन विरोधकाला मिळाली की तिची ‘लपवलेली परदेशी मालमत्ता’ होते.

सावध: कर किंवा एफबार राहिला असेल तर तो कसा आणि कधी भरायचा हे कर-वकिलाला विचारून ठरवा. घाईने गुपचूप सुधारित विवरणपत्र टाकणं हीदेखील पुढे बातमी होऊ शकते.

३. जुनं लिखाण गोळा करा, पुसू नका

टंडन प्रकरणातली दुसरी शिकवण इथली. नाव जाहीर होण्याच्या सुमारास त्यांचे हजाराहून अधिक ट्विट गायब झालेले लोकांना दिसले. ट्विट इतरांनी जपून ठेवलेलेच होते. पुसल्यामुळे ‘काय पुसलं’ ही नवी बातमी मात्र फुकटात तयार झाली. उचलली जीभ लावली टाळ्याला हे एक वेळ माफ होतं, पण मागून केलेली सारवासारव होत नाही.

समितीची प्रश्नावली लेख, भाषणं, मुलाखती मागते. न्यायाधीशपदासाठी तर जवळपास सगळंच. २०१० मध्ये गुडविन लिऊ यांनी प्रश्नावली भरल्यावर राहून गेलेल्या शंभराहून अधिक गोष्टींची पुरवणी जोडली आणि विरोधकांना ‘हे का लपवलं’ म्हणायला जागा मिळाली. त्यांचं नाव पडलं त्यामागे इतर कारणंही होती, पण ही जागा आपणहून देण्याची गरज नव्हती.

गोळा केलेल्या प्रत्येक गोष्टीचे तीन ढीग करा: आजही मान्य आहे, मत तेच पण शब्द चुकले, आणि मतच चुकलं होतं. पहिल्या ढिगासाठी एका वाक्यात कारण लिहा. दुसऱ्यासाठी आज तेच कसं म्हणाल ते लिहा. तिसऱ्यासाठी ‘चुकलो’ हा शब्द आणि मत कशामुळे बदललं ते. सगळ्यात जास्त भांडणं दुसऱ्या ढिगावर होतात, कारण उमेदवाराला आपले शब्द चुकले असं कधी वाटतच नाही.

लेख किती जुना आहे यावर जाऊ नका. अतुल गावंडे यांचे वडील यवतमाळ जिल्ह्यातल्या उटी गावचे. २०२१ मध्ये गावंडे यांचं नाव यूएसएआयडी या परदेशी मदत देणाऱ्या सरकारी संस्थेच्या जागतिक आरोग्य विभागासाठी गेलं, तेव्हा सिनेटर मार्को रुबिओ यांनी गर्भपाताच्या वादावरचा त्यांचा १९९८ चा लेख पुढे केला आणि विरोध केला. तेवीस वर्षं जुना लेख. १७ डिसेंबर २०२१ रोजी ४८ विरुद्ध ३१ मतांनी मंजुरी मिळाली.

मराठीतलं लिखाणही यादीत घ्या: दिवाळी अंकातला लेख, मंडळाच्या स्मरणिकेतलं मनोगत, अधिवेशनातलं यूट्यूबवर पडलेलं भाषण. आपली उपरोधाची सवय यंत्राच्या भाषांतरात मरते. ‘अशांना फासावर लटकवायला हवं’ हे आपण हसत म्हणतो. इंग्रजीत ते सरळ धमकी होऊन येतं. वादग्रस्त वाटू शकेल अशा भागाचं चांगलं भाषांतर आधीच करून फायलीत ठेवा.

४. एकच तोंड ठरवा

सुनावणीपर्यंत उमेदवार पत्रकारांशी बोलत नाही, अशी रीत आहे. सिनेटरांना आपल्याआधी वर्तमानपत्राला उत्तरं दिलेली आवडत नाहीत. त्यामुळे बोलणारा दुसरा कुणी असतो. तो एकच असावा आणि व्हाइट हाउसच्या किंवा खात्याच्या माणसाला विचारून बोलावा. बाकी सगळ्यांसाठी एक पान तयार करा: काम, वर्षं, निकाल, आणि चुकीची छापून येण्याची शक्यता असलेल्या चार गोष्टींची बरोबर माहिती. त्या पानावर विशेषणं नकोत.

नातेवाइकांना वेगळं बसवून सांगा. मामा भारतातल्या वाहिनीवर ‘लहानपणापासूनच हट्टी’ म्हणतो आणि ते कौतुक तिकडे कौतुक म्हणून पोहोचत नाही.

५. पत्रं: कुणाची, कशी, कधी

सगळ्यात उपयोगी पत्र अनपेक्षित माणसाचं असतं. २०२१ मध्ये वनिता गुप्ता यांना न्याय खात्यात तिसऱ्या क्रमांकाचं पद द्यायचं ठरलं. ‘पोलिसविरोधी’ अशा जाहिराती त्यांच्याविरुद्ध चालल्या. ओबामांच्या काळात त्यांनी नागरी हक्क विभागातून पोलिस खात्यांच्या चौकशा चालवल्या होत्या. पण पोलिसांची मोठी संघटना, फ्रॅटर्नल ऑर्डर ऑफ पोलिस, त्यांच्या बाजूने उभी राहिली. ज्यांच्याशी भांडण झालं त्यांनीच ‘बाई सरळ आहे’ म्हटल्यावर जाहिरातीचा दम निघतो. मंजुरी ५१ विरुद्ध ४९ ने झाली. रिपब्लिकन पक्षातून लिसा मुर्कोव्स्की यांचं एकच मत आलं आणि तेवढं पुरलं.

पत्राचा क्रम असा:

१) समितीचे अध्यक्ष आणि विरोधी पक्षाचे ज्येष्ठ सदस्य या दोघांच्या नावे लिहा. एकालाच लिहिलेलं पत्र पक्षाचं दिसतं.

२) पहिल्या परिच्छेदात लिहिणारा कोण, उमेदवाराबरोबर किती वर्षं काम केलं आणि दोघांचं कुठे पटत नव्हतं हे यावं. मतभेद सांगणाऱ्या पत्रावर वाचणाऱ्याचा विश्वास बसतो.

३) मधे एकच प्रसंग, तारीख-जागेसह. ‘अत्यंत मेहनती, प्रामाणिक, दूरदृष्टीचे’ ही माळ पन्नास पत्रांत सारखीच असते आणि कर्मचारी ती वाचत नाहीत.

४) सही घेण्याआधी सही करणाऱ्याला फायलीतली जाहीर होऊ शकणारी वाईट गोष्ट सांगा. अंधारात ठेवून घेतलेली सही नंतर मागे घेतली जाते, आणि मागे घेतलेली सही न मिळालेल्या सहीपेक्षा महाग पडते.

५) सुनावणीच्या काही दिवस आधी पोहोचवा. सुनावणीनंतर आलेली पत्रं म्हणजे वरातीमागून घोडे.

मंडळांसाठी दोन शब्द. बहुतेक महाराष्ट्र मंडळं ५०१(सी)(३), म्हणजे करसवलत असलेल्या धर्मादाय, संस्था आहेत. ‘सिनेटरला फोन करा, आपल्या माणसाला पाठिंबा द्या’ असं आवाहन हे निवडणूक प्रचार नाही, म्हणून सरसकट बंदी नाही. पण कर खात्याच्या दृष्टीने ते लॉबिंग आहे आणि त्याला मर्यादा आहे. किती वेळ, किती पैसा गेला याची नोंद ठेवा, कार्यकारिणीत ठराव करा, हिशेबनिसाला विचारा. मंडळाच्या ईमेल यादीवरून रात्री अकरा वाजता अध्यक्षांनी परस्पर पाठवलेलं आवाहन हीच नेहमीची चूक. संघीय सरकारात नोकरी करणाऱ्यांनी कार्यालयाच्या वेळेत, कार्यालयाच्या संगणकावरून किंवा लेटरहेडवर काहीही लिहू नये.

सावध: महाराष्ट्रातल्या आमदार-खासदार-मंत्र्यांकडून पाठिंब्याचं निवेदन घेऊ नका. इकडे सत्कार होईल, पण तिकडे विरोधकाला ‘परदेशी सरकारशी संबंध’ असा आयता प्रश्न मिळेल. तसंच या काळात समितीवरच्या सिनेटरांच्या निधीला देणगी देण्याची हौसही आवरा.

६. आरोप आला: पहिला दिवस

१९८७ मध्ये रॉबर्ट बोर्क यांचं नाव सर्वोच्च न्यायालयासाठी जाहीर झालं आणि तासाभरात टेड केनेडींनी सिनेटमध्ये त्यांच्याविरुद्ध घणाघाती भाषण केलं. सुनावणी सुरू झाली १५ सप्टेंबरला. मधल्या अडीच महिन्यांत बोर्क यांची प्रतिमा विरोधकांच्याच शब्दांत ठरून गेली. मतदान ४२ विरुद्ध ५८. उत्तर लवकर हवं. पण ‘लवकर’ म्हणजे पाच मिनिटांत नाही. क्रम पाळलात तर दिवसभरात होतं.

पहिलं काम, आरोप शब्दशः लिहून काढा. ‘ते म्हणतात आपण भ्रष्ट आहोत’ असं नको. नेमकं कोण, काय, कोणत्या तारखेबद्दल म्हणालं ते लिहा. नंतर त्याचा प्रकार ठरवा: तथ्यच खोटं, खरं पण अर्धवट, पूर्ण खरं, की निव्वळ मत. मताला पुराव्याने उत्तर देता येत नाही, तिथे वेळ घालवू नका. पूर्ण खऱ्या आरोपाचा बचाव करू नका. कबुली, दुरुस्ती आणि पुढे काय, एवढंच. अर्धवट खऱ्यासाठी राहिलेला अर्धा भाग कागदासकट द्या. तथ्य खोटं असेल तर एक वाक्य आणि एक दस्तऐवज.

मग पोहोचवायचा क्रम: आधी वकील, मग व्हाइट हाउस किंवा खातं, मग समितीच्या दोन्ही बाजूंचे कर्मचारी, शेवटी पत्रकार. हा क्रम उलटा केला की समितीच्या माणसांना उत्तर बातमीतून कळतं आणि ते नाराज होतात. तीच माणसं उद्या सिनेटरच्या हातात टिपण देणार असतात.

नकार देताना आरोपाचे शब्द उच्चारू नका. १९८९ मध्ये जॉन टॉवर यांच्यावर दारूबद्दल आरोप होते. त्यांनी टीव्हीवर जाहीर केलं की संरक्षणमंत्री झालो तर दारूला शिवणार नाही. ऐकणाऱ्याला वाटलं, मग आत्तापर्यंत किती घेत होते? ४७ विरुद्ध ५३ ने ते पडले. कुणी न मागितलेली शपथ ही अर्धी कबुली ठरते.

अब्रुनुकसानीच्या नोटिशीची धमकी देऊ नका. सिनेटर सभागृहात जे बोलतो त्याला राज्यघटनेचं संरक्षण आहे. बाहेरच्या टीकाकारांबाबत सर्वोच्च न्यायालयाच्या १९६४ च्या सलिव्हन निकालापासून सार्वजनिक व्यक्तीवर मोठा भार आहे. बोलणाऱ्याला ते खोटं असल्याचं माहीत होतं किंवा त्याने खरं-खोटं पाहण्याची बेफिकिरी केली, हे तिला सिद्ध करावं लागतं. नोटीस गेली की तीच बातमी होते.

सावध: गैरवर्तनाची वैयक्तिक तक्रार असेल, तर तक्रार करणाऱ्या व्यक्तीशी मित्र, नातेवाईक, जुने सहकारी यांच्यापैकी कुणीही संपर्क करू नये. ‘समजावून सांगायला’सुद्धा नाही. साक्षीदारावर दबाव हा संघीय गुन्हा आहे आणि तुमचा प्रेमळ फोन दबाव नव्हता हे तुम्हाला सिद्ध करत बसावं लागेल. त्या व्यक्तीचा भूतकाळ चाळणंही नको. तक्रार खरी असण्याची शक्यता तुम्ही मनात धरली नसेल, तर तुम्ही या कामाला योग्य नाही.

७. सुनावणीची तालीम

याला तिकडे ‘मर्डर बोर्ड’ म्हणतात. खोटी समिती बसवून उमेदवाराला उलटंपालटं विचारायचं. बसवताना प्रेमळ माणसं नकोत. प्रत्येक सिनेटरला काही मिनिटंच मिळतात, त्यातली बरीच त्याच्या भाषणात जातात, म्हणून उत्तर थोडक्यात बसवा. लांब उत्तरात चूक सापडते.

सोपा प्रश्नही घोटून घ्या. बोर्क यांना सहानुभूतीच्या सिनेटरने विचारलं, हे पद का हवंय? ते म्हणाले, बौद्धिक मेजवानी असेल. लोकांच्या हक्कांबद्दल ऐकायला बसलेल्या देशाला ते फार थंड वाटलं.

उलट उदाहरण विवेक मूर्ती यांचं. सर्जन जनरल, म्हणजे देशाचे प्रमुख सार्वजनिक आरोग्य अधिकारी, या पदासाठी त्यांचं नाव होतं. बंदुका हा आरोग्याचा प्रश्न आहे असं त्यांनी २०१२ मध्ये ट्विट केलं होतं. बंदूकधारकांची बलाढ्य संघटना मागे लागली. सुनावणीत त्यांनी ट्विट नाकारलं नाही. सर्जन जनरलचं पद बंदूक नियंत्रणाचं व्यासपीठ म्हणून वापरणार नाही, माझा भर लठ्ठपणावर असेल, असं सांगितलं. मत राखलं आणि पदाची सीमा आखून दिली.

८. लेखी प्रश्न

सुनावणी संपली की घरचे हुश्श करतात. मग डझनांनी लेखी प्रश्न येतात आणि उत्तरांना दिवस थोडे असतात. मसुदा खात्याचे लोक करतात, पण जबाबदारी उमेदवाराची. प्रत्येक तारीख एसएफ-८६, प्रश्नावली आणि तोंडी उत्तर यांच्याशी ताडून बघा. तिन्हींत तीन वेगळे महिने निघाले तर विसराळूपणाला कुणी विसराळूपणा म्हणत नाही.

तपासा: ‘आठवत नाही’ हे उत्तर फक्त खरंच आठवत नसेल तिथे. ईमेलमध्ये सापडण्यासारखी गोष्ट असेल तर आधी शोधा.

९. थांबण्याचे महिने

मूर्ती यांचं नाव नोव्हेंबर २०१३ मध्ये आलं, मंजुरी १५ डिसेंबर २०१४ ला ५१ विरुद्ध ४३ ने मिळाली. तेरा महिने. एखाद्या सिनेटरने ‘होल्ड’ लावला, म्हणजे नाव पुढे जाण्यापासून अडवलं, की कारण बरेचदा उमेदवार नसतोच, दुसऱ्याच मागणीसाठी त्याला धरून ठेवलेलं असतं. अशा वेळी उमेदवाराच्या चारित्र्याचे गोडवे गाणारं पत्र पाठवणं व्यर्थ. होल्ड कशासाठी आहे ते खात्याला शोधू द्या. २०२५ च्या सप्टेंबरपासून मंत्रिपदाखालच्या प्रशासकीय नावांना एकगठ्ठा मंजुरी देण्याची वाट खुली झाली आहे, त्यामुळे नाव कोणत्या गठ्ठ्यात जातंय याकडेही लक्ष ठेवा.

सत्र संपताना किंवा तीस दिवसांहून लांब सुट्टी लागताना सगळ्यांची संमती नसेल तर नाव राष्ट्राध्यक्षांकडे परत जातं. याचा अर्थ नापसंती असा होत नाही, नाव पुन्हा पाठवता येतं. पण ‘नाव परत आलं’ अशी बातमी वाचून मंडळी हातपाय गाळतात, म्हणून आधीच सांगून ठेवा.

या महिन्यांत उमेदवाराने नव्या कार्यालयात वावरू नये, कर्मचाऱ्यांना सूचना देऊ नयेत, सत्कार घेऊ नयेत. मंजुरी गृहीत धरलेली सिनेटरांना अजिबात खपत नाही.

१०. माघार

पहिल्या पायरीची यादी दर आठवड्याला मोजा. मतं पुरत नाहीत आणि तिसऱ्या रकान्यातली माणसं फोन उचलत नाहीत असं झालं की विषय काढायचा. तो मित्राने काढलेला बरा, कारण कर्मचारी काढत नाहीत. पत्र राष्ट्राध्यक्षांच्या नावे, छोटं, कुणावरही राग न काढता. टंडन यांनी तसं केलं आणि त्याच वर्षी मे महिन्यात त्या व्हाइट हाउसमध्ये वरिष्ठ सल्लागार झाल्या. त्या पदाला सिनेटची संमती लागत नाही.

पत्र जाहीर होण्याआधी ज्यांनी ज्यांनी पाठिंब्याची पत्रं लिहिली त्यांना उमेदवाराने स्वतः फोन करायचा. सुरुवात ज्यांना सही करताना सगळ्यात जास्त त्रास झाला त्यांच्यापासून करायची.